विहिरीत सोडलेली होडी

माझं माहेर वाशीकडलं, मुंबईची न्हवं, आमच्या डोंगराकडली वाशी. आमी मेंढरं राखणारी माणसं, पाणी म्हंजी आमाला मेंढराला पाजायपुरतं ठावं, आन् नवरा मिळाला समुद्रावरचा, काय सांगू तुम्हाला! ह्ये ढोकीचे. सासरे साखर कारखान्यात फिटर, तिथली यंत्रं बघत बघत ह्ये मोठे झाले, शिकले आन् मुंबईला जाऊन जहाजाचे इंजिनेर झाले. सोयरीक आली तवा माझ्या बापानं इचारलं, पोरगं बोटीवर हाय म्हंजी मासं धरतंय का? सासरे म्हणले, न्हाय वो पाव्हणं, बोटीचं इंजीन सांभाळतंय. बाप म्हणला, मग देतो, आमी मेंढरं सांभाळतो, ते इंजीन सांभाळतंय, जमलं की.

लगीन झालं आन् ह्ये गेले. म्हैनोन्म्हैने तोंड दिसायचं न्हाय. म्या लेकी बघायच्या, रान बघायचं, सासूचं ऐकायचं. पर घरी आले की माणूस पुरा घरचा, चुलीम्होरं बसून भाकरी थापायला जायचे, वाकडीतिकडी व्हायची, तरी थापायचे.

एका खेपेला आले ते येगळेच. घास हातातच ऱ्हायचा. म्या म्हणलं, अवो झालंय काय? तवा सांगितलं. जहाज बुडाय लागलं तर माणसांनी पळायचं कशात, तर तेच्यासाठी वर होड्या टांगलेल्या असत्यात, दोन आकड्यांवर. माणसं बसवायची, खाली सोडायची, पाण्याला टेकली की दांडा ओढून आकडं सोडायचं. तेची कवायत चालली व्हती. एक आकडा वरच सुटला, होडी उभी झाली आन् ह्यांच्या हाताखालचा जोसेफ, गोव्याचा, ह्यांच्या ताटात जेवणारा, तो खाली पडला तो गेलाच. जीव वाचवायच्या होडीनंच जीव घेतला गं, असं म्हणले आन् रडले. ह्यांना रडताना म्या तवाच पयल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बसले गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात. येगळा आकडा करायचा, मोडायचा, परत करायचा. दुकानवाला म्हणायचा, सायेब, उसाच्या ट्रॉलीचा हुक करताय व्हय? ह्ये म्हणायचे, तसंच समजा, पर ह्येच्यावर माणसं टांगायची हायत. ती सुट्टी गेली, पुढल्या बी सुट्ट्या त्यातच गेल्या. डोक्यात एकच. होडीचं वजन हाय तंवर आकडा आवळलेलाच ऱ्हावा, कुणी चुकून दांडा ओढला तरी सुटू नये. पाण्यानं होडी उचलून धरली की मगच सुटावा.

झाला एकदाचा मनासारखा. आमच्या रानातल्या विहिरीवर गर्डर टाकला, चेनपुली लावली आन् गुळाची जुनी काहील दोन आकड्यांवर टांगली, तीच होडी. दगडं भरून दांडा ओढला, न्हाय सुटली. मग म्हणले, आता म्या बसतो. सासू वरडाय लागली, आरं खुळा झालास का! म्या पदर खोचला आन् ह्यांच्या आदी जाऊन काहिलीत बसले. ह्ये म्हणले, उतर. म्या म्हणलं, तुमचा आकडा खरा असंल तर मला काय हुतंय, आन् खोटा असंल तर तुम्ही बी बसू नका. तवा ह्ये बी माझ्या शेजारी काहिलीत येऊन बसले.

दीर साखळी सोडत व्हते. ह्यांनी मधीच थांबवलं. खाली काळं पाणी, वर एवढंसं आभाळ. ह्ये म्हणले, दांडा तूच ओढ. म्या डोळं मिटून ओढला, पाय रेटून ओढला, जागचा हलला न्हाय बघा. मग काहील पाण्याला टेकली. आता ओढ, म्हणले. नुसता हात लावला तर कट्कन दोन्ही आकडं सुटलं आन् आमी तरंगाय लागलो. वरनं दीर वरडतायत, सुटलं सुटलं, आन् ह्ये आपले तोंडावर पाणी मारत बसलेले, जोसेफचं नाव घेत.

म्होरं बी सोपं न्हवतं. तपासणीवाले नावं ठेवायचे, खाऱ्या पाण्यात गंजंल, थंडीत अडकंल. ह्ये चिडायचे न्हाईत. म्हणायचे, खरं बोलत्यात ते, आन् परत दुकानात जायचे. लई वर्सांनी आकडा पास झाला, ह्यांच्या कंपनीच्या जहाजांवर बसला. शाल मिळाली, फोटो निघाला.

आता ह्ये घरीच असत्यात. इंजिनाच्या आवाजानं कान गेलेत, म्या वरडून बोलते तर शेजाऱ्यांना वाटतंय भांडान चाललंय. औंदा एक तरणा गडी दारात आला, केरळाचा, बायकोला घिऊन. हिंदीत सांगाय लागला, तेच्या जहाजावर कवायतीत कुणीतरी चुकून वरच दांडा ओढला, आकडा सुटला न्हाय, समदे जागच्या जागी. ह्यांचं पाय धरलं तेनं. ह्यांना काय ऐकू येईना, मला इचारलं, काय म्हणतोय गं? म्या कानाशी जाऊन वरडले, जित्ता हाय म्हणतोय!

ह्यांनी तेला दंडाला धरून उठवलं. मग म्हणले, जेवाय वाढ तेला.

वाढलं. पोटभर जेवलं लेकरू, बायको शेजारी बसून बघत व्हती. म्या काय मागू आता देवाकडं? पाण्यावर जेवढी कुणाची लेकरं हायत, ती घरी येऊन अशीच जेवू देत.