बुटकीचा नवा सायलेन्सर

हॅलो?… हॅलो! व्हय, व्हय, कोल्हापूरच. बोला की… सोलापूरचा ट्रंककॉल? द्या, द्या लवकर…

हॅलो! त्रिशला? अगं जोरात बोल… मी अव्वा बोलतीया, आईबिगर दुसरं कोण असणार घरात?

बरी हाय मी. तू बरी हाईस न्हवं? आणि बाळ?… दात आलं? किती, दोन? वरचं का खालचं?… खालचं. मग बरं. वरचं आधी आलं तर मामाला जड असतं म्हणत्यात. तुला भाऊच न्हाय, कुणाला जड पडणार म्हणा…

कसला आवाज?… ठोकायचा? अगं, अंगणात हाय ते. तुझं अण्णा गाडीखाली हाईत…

अगं न्हाय, न्हाय! ओरडू नको. स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, पोतं अंथरून शिरल्यात. आपल्या बुटकीखाली. नवा सायलेन्सर बसवायल्यात…

सायलेन्सर गं! धूर जायचं नळकांडं. जुना काढला, नवा बसवायचा. शमशुद्दीन मिस्त्री हाईत संगट. दोघं मिळून शंभराच्या वर वय हाय आणि उन्हात राबायल्यात…

व्हय. कार्ड मीच लिहिलंतं. गाडी विकायची लिहिलं ते बी खरंच हाय. उद्या सकाळी नेसरीचं हंबीरराव गाडी न्यायला येणार…

अगं ऐक ना. आधी ऐक, मग रड. कार्डावर बोटभर जागा आणि वाटंत पोस्टमन वाचणार. सगळं कुठं लिहू?

झालं काय, आषाढीच्या सुमाराला तुझं अण्णा लक्ष्मीपुरीत गेलतं. एकटंच. दुकानाम्होरं बुटकी उभी केली. इंजिन चालूच हुतं… व्हय, चालू! पर त्यास्नी ऐकाय कुठं येतंय? बंद पडली समजून त्यांनी परत स्टार्टर वढला. चालू गाडीला! असा कर्रर्र झाला म्हणं, की दुकानातली माणसं बाहेर आली. कोणतर हसलं. एक जण म्हणाला, "मालक, गाडी विका आणि बैल घ्या…"

मला? मला केरबा हमालानं सांगितलं. अण्णा घरी आलं, किल्ली फळीवर ठेवली, गाडीवर ताडपत्री टाकली. दोन म्हयनं झालं. कारखान्यात जात न्हाईत. पेपर घेऊन बसत्यात. मी काय बोललं की मान हलवत्यात. कळून हलवत्यात का उगंच, देवालाच ठावं.

तूच सांग, ज्या माणसानं उद्यमनगरात तीस वर्षं हजारभर इंजिनं नुसत्या कानानं पास केली, रस्त्यानं ट्रक गेला तर "ह्याचा टॅपेट ढिला हाय" म्हणून जेवता जेवता सांगायचं, त्याला बैल घ्या म्हणायचं? कुठला मेला हुता कुणास ठाऊक. मला गावू दे एकदा…

ती मशीन? मिरजेच्या डॉक्टरनं दिलेली? खिशात डबी आणि कानात वायर… दोन दिस घातली. म्हणालं, "ह्यात तुझी भांडीच तेवढी वाजत्यात." ठेवली कपाटात.

तेच सांगतीया. परवा मिस्त्री आलं. म्हणालं, "वैनी, डॉक्टर काय म्हणाला हुता? बारीक आवाज गेला, जाड आवाज जरा जरा पोचतोय. मग आपण बुटकीचाच आवाज जाड करू की!" त्यांचा मेव्हणा हाय मुंबैला, रेसच्या गाड्यांची कामं करतोय. त्याच्याकडनं मागवला. एसटीच्या पार्सलनं आला बघ, माझ्या हाताएवढा जाड. आत काय न्हाय म्हणं, सरळ भोक…

तयार कुठलं हुत्यात! तुझी शाळेतली पाटी काढली मी. हल्ली तीच घेऊन बोलतो आम्ही. आज सकाळी मिस्त्रींनी त्यावर लिहून दाखवलं. तुझ्या अण्णांनी वाचलं, पुसलं, आणि खाली लिहिलं… थांब, हितंच हाय पाटी. "ऐकायला आलं तर गाडी ठेवतो. न्हाय आलं तर उद्या किल्ली हंबीररावांना." झालं. एकच डाव.

न्हाय गं, गाडीचं मला काय हाय? गेली तर गेली. पर त्या गाडीमागनं हे बी जातील असं वाटतंय मला. रोज थोडं थोडं जायल्यात. मी बघतीया की.

कारखान्यात का न्हाय?… मी बी तेच म्हणलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "लोकांम्होरं नको." न्हायच ऐकाय आलं तर कुणी बघाय नको म्हणून. म्हणून घरी. दारं लावून.

हॅलो?… व्हय हो, वाढवा, वाढवा. तीन मिनिटं आणि द्या… त्रिशला, हाईस न्हवं?

कुठवर आलं म्हणजे? कवाच झालं असतं. माझ्यामुळं खोळंबलं… हसू नको. सांगू का नको?

अगं, अण्णा खाली आणि मिस्त्री वर. वरनं ओरडून त्यास्नी काय ऐकाय येणार? मग दोघांनी ठरवलं. मिस्त्री हातोडीनं एक ठोका मारणार म्हंजे आवळायचं. दोन ठोकं म्हंजे थांबायचं. ठोका त्यास्नी पाठीत कळतोय म्हणं. बेस चाललं हुतं. मला काय ठाऊक? मिस्त्री हात धुवाय गेलतं. मी म्हणलं, जेवाय बोलवावं. हाक मारून उपेग न्हाय. हातात उलथनं हुतं, ते मडगार्डवर आपटलं. टाण्!

त्यांनी आवळलं. परत मारलं, टाण्! आणि आवळलं. "अहो, बाहेर या की" म्हणून मी मारतीया आणि ते आवळत्यात. शेवटी कटकन् बोल्टच तुटला…

हस, हस! मिस्त्री धावत आलं तर मी उलथनं घेऊन उभी. त्यांनी कपाळावर हात मारला. तुझं अण्णा तोंडाला काळं फासून बाहेर आलं, माझ्याकडं बघितलं, उलथन्याकडं बघितलं… आणि हसलं गं. खोटं न्हाय सांगत. दोन म्हयन्यांनी हसलं. मला वाटलं, तुटू देत आणि चार बोल्ट.

मग काय, मिस्त्री सायकल मारत गेलं उद्यमनगरात, लेथवर नवा करून आणला. रोजा हाय त्यांचा. घोटभर पाणी न्हाय पोटात. मी म्हणलं, "भाई, उद्या करा." म्हणालं, "उद्या गाडी असंल का, वैनी?"

न्हाय, अण्णा बी जेवल्यात कुठं? पर्युषण पर्व चालू हाय, एकदाच जेवत्यात, ते बी दिवस मावळायच्या आत. ताट झाकून ठेवलंय. एकाला मावळायच्या आत खायचं, एकाला मावळल्यावर, आणि दोघं बी उपाशी. मी? मी कशी जेवीन गं…

शेजारी काय म्हणतील! गल्लीत गणपतीचा कर्णा आठ दिस झालं वरडतोय, मी काय म्हणलं का कुणाला? माझ्या दारात माझी गाडी वरडंल.

थांब… थांब थांब. अण्णा गाडीखालनं बाहेर आलं. वायर पुरतीया का बघते खिडकीपतोर… पुरली. दिसत्यात मला.

बसला बघ. मागनं हातभर बाहेर आलाय, चकाकतोय. बुटकीला शोभंना. लहान पोरानं बापाची चप्पल घातल्यागत दिसतंय… मिस्त्री म्होरं गेलं. हँडल घातलं. बॅटरी उतरलीया न्हवं, हँडल मारूनच चालू करणार.

अण्णा?… अण्णा लांब गेलं. पेरूच्या झाडापाशी. पाठ करून उभारलं. तशीच सवय हाय त्यांची, इंजिन तपासताना तिकडं बघत न्हाईत. "डोळं लबाड असत्यात" म्हणायचं. उभारल्यात तसंच. हात मागं बांधल्यात.

त्रिशला, हँडल मारायल्यात बघ.

एक मारलं… न्हाय झाली. दुसरं… न्हाय. भाई, जरा दम खावा की!… ऐकंनात. परत—

ऐकलंस? ऐकलंस?… अगं बया! थांब, फोन खिडकीबाहेर धरते… आलं का ऐकाय? खिडकीची तावदानं हालायल्यात! कावळं उडालं सगळं! काय आवाज हाय गं, माझ्या छातीत वाजतंय!

काय?… काय म्हणालीस? आवाजात कळंना… अण्णा? अण्णा मान हलवायल्यात! व्हय! इंजिनाच्या ठेक्यावर, अशी… हात वर केला. बोट वर केलं. पाठ करूनच हाईत, आणि म्हणालं… मोठ्यानं म्हणालं, "आलं! आलं ऐकाय!"

रडंना मी. कुठं रडायलीया?… बरं, रडतीया. रडू दे की. तू बी रड. मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतलीया. "काय गोड फायरिंग हाय, शमशुद्दीन" म्हणालं. नाव घेऊन म्हणालं गं…

थांब.

न्हाय… कट न्हाय झाला फोन. मी हाय.

बंद पडली गाडी. आत्ता. आपोआप. दोन म्हयनं उभी हुती, काय कचरा आला असंल…

अण्णा?

अण्णा अजून मान हलवायल्यात.

…व्हय. पाठ करूनच. "झकास" म्हणायल्यात. "बारा मैलावरनं ऐकाय यील" म्हणायल्यात. अंगणात चिडीचूप हाय गं, कर्णा सुदीक बंद हाय. आणि ते मान हलवायल्यात, ठेक्यावर…

न्हाय. काय ऐकाय आलं न्हाय त्यास्नी. पयल्यापास्नंच न्हाय आलं. कावळं उडाल्यालं बघून म्हणालं असतील.

कशाला म्हणजे? अगं, आमच्यासाठी. दिसभर रोज्याचा माणूस राबला, मी उपाशी उभी ऱ्हायले… आमचं मन राखायला म्हणालं. लबाडी येत न्हाय ह्या माणसाला, जल्मात पयल्यांदा केली, ती बी अशी.

मिस्त्रींना कळलं. तोंड फिरवून फडक्यानं पुसायल्यात… मी काय करू? जाऊ का? का पडदा वढू आणि बघितलंच न्हाय म्हणू?

वळलं… अण्णा वळलं. मिस्त्रींकडं बघायल्यात. मिस्त्री हँडल धरून उभं. अण्णा गाडीपाशी आलं… बॉनेटवर हात ठेवला.

कळलं त्यास्नी, गाडी बंद हाय.

…काय न्हाय गं. हात तसाच ठेवून उभारल्यात. म्हातारं दिसायल्यात.

माझ्याकडं बघितलं. खिडकीकडं. मी हितंच उभी, फोन हातात. काय लपवू आता, डोळं तर लाल… मी बी बघतीया. बास. बघतीया.

काय म्हणायल्यात?… थांब, मोठ्यानं बोलायल्यात, तुला बी ऐकाय यील. "अगं ए! त्रिशलाच्या आई! बाहेर ये."

…"शेजारी बस. गेर कवा बदलायचा, ते तू सांग मला."

त्रिशला… ऐकलंस का तू? मला म्हणालं. मला! बावीस वर्षं त्या गाडीत बसतीया, एकदा चुकून म्हणलं हुतं, "अहो, घाट हाय, गेर टाका की," तर राधानगरीपतोर बोललं न्हवतं माझ्यासंगट. इंजिनाचं कुणी सांगितलेलं खपायचं न्हाय. आणि आज…

मला कळतंय का? न कळाय काय झालं! बुटकी कवा धापा टाकतीया, कवा दुसरा मागतीया, झोपंत सांगीन मी. बावीस वर्षं दुसरं काय ऐकत हुते त्या गाडीत? बोलत तर कुणी नसायचं.

कसं सांगणार?… मांडीवर चापट मारीन. लई दिसांची मनात हाय.

हंबीरराव येऊ देत की. चहा पाजते, पोहं खायला घालते आणि लावून देते नेसरीला परत. गाडी मी न्हाय देत जा.

हॅलो?… न्हाय हो, आता नका वाढवू. झालं माझं… त्रिशला, मिस्त्री परत हँडल मारायल्यात. हा बघ… ऐक, ऐक!… लागली! ठेवते मी. चप्पल बी न्हाय पायात, ऱ्हाऊ दे… अगं, जाऊ दे मला पोरी. तुझं अण्णा गाडीचं दार उघडून उभारल्यात माझ्यासाठी.