जोडीनं घेतलेला दम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त माननीय उदयसिंहराव, प्रमुख पाहुण्या वर्षाराणीताई, आजच्या सत्कारमूर्ती राजनंदिनी सरनोबत म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सरनोबतबाई, पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या चिमणाबाई, आणि चहाच्या वासानं आधीच थोडे चुळबुळायला लागलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

'कर्करोग विभागाच्या प्रमुख डॉ. त्रिशला मगदूम दोन शब्द बोलतील,' असं आत्ताच जाहीर झालं. पण दोन शब्दांत आटोपणारी मगदुमांची मुलगी अजून जन्माला यायची आहे, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडं बघू नये, ही नम्र विनंती.

बाई आज तंत्रज्ञ म्हणून निवृत्त होतात. आमच्या स्कॅनच्या खोलीत इतकी वर्षं एकच आवाज घुमला. 'श्वास घ्या. धरा. सोडा.' रोगी आत टेबलावर, बाई काचेपलीकडं माइकवर. आवाज असा की बिंदू चौकातून हाक मारली तर रंकाळ्यावरचा माणूस मागं वळून बघेल. एकदा एक आजी आतून ओरडल्या होत्या, 'बाई, एवढ्या जोरात बोलू नगासा! श्वास आत हाय का भाईर हाय, तेच कळंना झालंय!' आठवतंय ना, बाई? हसताय म्हणजे आठवतंय.

आता कुणी विचारेल, श्वासाचं एवढं काय? अहो, पाळण्यात झुलणाऱ्या पोराचा फोटो काढून बघा. एका पोराची दोन पोरं दिसतात. फुफ्फुसातली गाठही तशीच श्वासागणिक वर-खाली होते. म्हणून आम्ही रोग्याच्या पोटावर एक लहानशी डबी ठेवतो. पोट हललं की पडद्यावर लाट उठते, आणि त्या लाटेवरून यंत्र चित्रं जुळवतं. लाट सरळ आली तर गाठ जागेवर सापडते. लाट बिघडली की सगळाच घोळ. मग किरण द्यायचे तरी नेमके कुठं?

असाच घोळ शिवाजी पेठेतल्या पिराजी वस्तादांनी घातला. चिमणाबाई, रागावू नका, तुमच्या मालकांचं कौतुकच सांगणार आहे.

वस्ताद म्हणजे तालमीत उभं आयुष्य घालवलेला गडी. उजव्या फुफ्फुसात खाली गाठ. डावं फुफ्फुस जुन्या क्षयानं आधीच निम्मं गेलेलं, त्यामुळं शस्त्रक्रियेचं नाव काढायची सोय नाही. गाठीची जागा नेमकी कळली तर तेवढ्यावरच किरण देता येणार होते. नाही कळली तर भोवतालचं बरंचसं चांगलं फुफ्फुसही भाजून निघणार होतं. माणूस जगला असता, पण नाकात नळी घालून, खुर्चीत बसून. मी हे समजावून सांगितलं, तर वस्ताद म्हणाले, 'डॉक्टर, मग राहू द्या. हिचं माहेर पन्हाळ्यावर. लगीन झाल्यापास्नं दर दसऱ्याला पायथ्याच्या वाघबिळापास्नं चालत नेतोय हिला. खुर्चीतनं गड चढता येत न्हाय.' शेजारी चिमणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला तेवढं बोट आजही दिसतं.

तर वस्तादांना टेबलावर झोपवलं. डबी पोटावर, बाई माइकवर, आणि लाट? लाट नाहीच! मधेच एकदम उसळी, पुन्हा सपाट. गाठीचे दोन तुकडे दिसायला लागले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खोकला म्हणावा तर नाही, भीती म्हणावी तर पैलवान गडी. बाईंचा पारा चढला. माइकवर म्हणाल्या, 'वस्ताद, श्वास काय शेजारणीकडनं उसना आणलाय व्हय? घ्या की मोकळा!' त्यावर वस्तादांनी जो काही उरला होता तोही आत ओढला आणि छाती फुगवून पडून राहिले. हसू नका. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच हसू येत नव्हतं.

मी म्हटलं, थांबूया. वस्तादांना बाहेर बाकावर बसवलं. बाईंनी दोन चहा मागवले, त्यांच्याशेजारी बसल्या आणि विचारलं, 'वस्ताद, खरं सांगा. काय होतंय आत?'

वस्तादांनी कप खाली ठेवला. म्हणाले, 'बाई, आखाड्यात समोरच्याला आपला दम लागल्याला दिसू द्यायचा न्हाय. दिसला की संपला पैलवान. माझ्या वस्तादानं पाठीत रट्टं घालून शिकवलंय, मी पोरास्नी तसंच शिकवलंय. तुम्ही समदी काचंतनं माझ्या पोटाकडं टक लावून बघताय, आणि दम आपसूक आत जाऊन लपतोय. मी काय मुद्दाम करतोय व्हय?'

बाईंनी थोडा विचार केला. 'मग तालमीत कुणाफुडंच दम घेत नव्हता?'

'जोडीदाराफुडं घेत हुतो की! बैठका जोडीनं मारायच्या. त्येचा दम आनि माझा दम एकच. त्येच्याफुडं कसली आलीया लपवाछपवी?'

बाई उठल्या. आम्हाला म्हणाल्या, 'काचेपासून सगळ्यांनी हटायचं. काचेवरचा पडदा ओढा.' वस्तादांना पुन्हा टेबलावर झोपवलं आणि माइक तोंडाजवळ घेतला. आम्हाला वाटलं, आता तोफ सुटणार. पण बाई एक शब्द बोलल्या नाहीत. नुसता श्वास घ्यायला लागल्या. मोठ्यानं, सावकाश, ऐकू जाईल असा. घेतला, सोडला. घेतला, सोडला. आत वस्तादांच्या कानाशी कुणीतरी जोडीनं बैठका मारतंय, असं वाटत असणार. यंत्राच्या पडद्यावर एक लाट उठली. मग दुसरी, तिच्याएवढीच. मग लाटेमागून लाट. बाईंच्या कपाळावर घाम, पण लय मोडली नाही. त्या दिवशी गाठ एकच दिसली, कडेनं स्वच्छ, आणि किरण तेवढ्यावरच द्यायचं ठरलं.

मग किरणांच्या प्रत्येक दिवशी बाईंनी वस्तादांच्या जोडीला श्वास घेतला. एकदा तर पुतणीच्या हळदीतून तशाच आल्या, गालाला हळद, हात पिवळेधमक. वस्ताद म्हणाले, 'काय बाई, भंडारा उधळून आलाय व्हय?' बाई म्हणाल्या, 'गप पडा, आणि बैठका सुरू करा.'

आता आपल्याकडं नवं यंत्र आलंय. रोग्याला डोळ्यांसमोर स्वतःचीच लाट दिसते, यंत्र गाठीचा माग आपला आपण काढतं. फार चांगलं आहे, आणि ते यावं म्हणून मीच अध्यक्षांच्या मागं भुणभुण लावली होती. पण त्या खोलीत गेलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तो आवाज नाही. माइकवर आता कापडाचं झाकण असतं. खोटं कशाला बोलू, एकदा मी ते झाकण काढून उगीचच फुंकर मारून आले.

वस्तादांच्या उपचारानंतरचा पहिला दसरा आला, आणि त्या दुपारी बाईंचा फोन वाजला. हातात हातमोजे, म्हणून त्यांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून कुणी बोलेना. नुसती धाप. मोठी, दमलेली, भात्यासारखी. आम्ही सगळे टेबलाकडं धावलो. एवढ्यात चिमणाबाईंचा आवाज आला, 'बाई, भिऊ नगासा. गडावर त्या तीन दरवाजाच्या कमानीखाली बसलोय. चालत आलोय. ह्यास्नी लय दम लागलाय. म्हंत्यात, बोलू नगं, बाईला नुसतं ऐकू दे.'

बाईंनी हातमोजे काढले. फोन तोंडाशी धरला आणि श्वास घ्यायला लागल्या. घेतला, सोडला. पलीकडची धाप हळूहळू त्या लयीत आली. बऱ्याच वेळानं वस्ताद एवढंच म्हणाले, 'बास करा आता, बाई. पोचलो.'

गेल्या हिवाळ्यात वस्ताद गेले. म्हातारपणानं, झोपेत. गाठीनं नव्हे. आज त्यांचा फेटा चिमणाबाईंनी सोबत आणलाय, आणि बाईंचा सत्कार शालीनं होणार नाही, त्या फेट्यानं होणार आहे. तालमीत फेटा मानाच्या गड्यालाच बांधतात, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगणार?

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, श्रोत्यांनी चहा थंड होऊ दिला, सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर मगदुमांची तोंडाळ मुलगी म्हणून पोटात घाला. बाई, बोलता बोलता मला दम लागलाय. सगळ्यांना दिसतोय. दिसू दे. चिमणाबाई, या, बांधा फेटा.