पंख्याखालचं बाक

कल्याणच्या रजिस्ट्रार कचेरीत फ्लॅटच्या कागदांसाठी थांबले होते. समोर पंख्याखालच्या बाकावर खाडीकाठची एक कोळीण आजी होती आणि तिच्याशेजारी आमच्याच बिल्डरचा माणूस.

"आरामात बसा, आई. साहेबांना सांगून तुमचा पहिला नंबर लावलाय."

"बरं केलंस, बाला. ही पुडी धर. तू बोललेलास ना, माझ्यासारखं सुकं बोंबील आख्ख्या ठाण्यात नाय."

"काय तो तुमचा हात! माझ्या सख्ख्या आईला नाही जमायचं."

"आनि अंगनाचं? म्हावरं सुकवाला अर्धं ठेवनार ना?"

"अर्धं कशाला? बिल्डिंग झाली तरी पुढची सगळी जागा तुमचीच."

"कागदावर लिवलंय का तसं?"

"मुलाकडून लिहून घेणार, आई? मग मी कसला मुलगा?"

"रागावू नको रे. कुठं लावू आंगठा?"

"इथे. इथे पण. हां, झालं."

"शाई पुसाला काय हाय का, बाला?"

"भिंतीला पुसा ना, बाई. सगळे तिथेच पुसतात."

"आनि माझी जागा आखून द्याला कवा येशील?"

"ते ऑफिसात विचारा. आणि ती पुडी उचला आधी, वास मारतोय."

आजीनं पुडी पदराखाली घेतली. शाईचा अंगठा तसाच वर धरून ती उठली.

"या, ताई," तो माझ्याकडे वळला, "इथे पंख्याखाली बसा. तुमच्यासारखी शिकलेली माणसं आली की बिल्डिंगला शोभा येते."

मी जाऊन बसले. बाक अजून गरम होतं.