गप बसल्याची शिक्षा

...आन् वर मलाच म्हणत्यात, दिलदारचं तोंड बंद व्हईत न्हाय! आवं, व्हईल कसं? तुमास्नी सांगतो पावणं, आमचं घराणंच बोलायच्या नोकरीचं! हसू नका. म्हाराजांच्या चित्तेखान्यात आमी चित्तेवान. रानातनं नवा चित्ता धरून आणला की त्याला बाजल्याला बांधायचा, डोळ्यावर टोपी चढवायची, आन् आमच्या घरच्या बायकांनी भवतीनं बसून दिवसभर बडबडायचं. काय बी! डाळ करपली, जावंनं तोंड फिरवलं, शमशादचं लगीन कुठं अडलं... का? तर माणसाच्या आवाजाची त्याला सवय व्हावी, भ्या जावं. माझी अम्मी बोलून बोलून महिन्याभरात चित्त्याचं मांजर करायची. तिच्या मांडीवर वाढलेला मी, मी गप बसू?

तर असल्या माणसाला हुक्की काय आली, तर शिकायची! झालं असं, विलायतेच्या कुठल्याशा विद्यापीठातला एक साहेब कागलच्या माळावर तंबू ठोकून बसला. हरणांचा अभ्यास करायला. म्हंजे हरणं काय खात्यात, कुठं झोपत्यात, कुणाचं कुणाशी पटत न्हाय... आन् बंदूक? न्हायच! नुसतं बघायचं! माझा जीवच बसला की हो त्या कामावर. आमच्या सात पिढ्यांत हरणाकडं नुसतं बघणारा पयला माणूस मी हुणार हुतो!

गेलो. इंग्रजी चार यत्ता झाल्याल्या, साहेबानं ठेवून घेतलं. त्याचा जुना शिष्य सयाजी, चष्मेवाला, नाकात बोलायचा. त्यानं नेम वाचून दाखवला, "हे पाहा, तीन महिने उमेदवारी. मग मुंबईहून परीक्षक साहेब येतील. पसंत पडलास तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून नाव लागेल. अट एकच. माळावरच्या खड्ड्यात बसायचं, वर गवत, हातात वही, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. गप बस, दिलदार!"

मी अजून बोललोबी नव्हतो!

बसलो खड्ड्यात. एकटाच. साहेब लांब टेकाडावर, दुर्बीण लावून. कळप आला. म्होरं एक म्हातारी हरणी, एक कान फाटलेली, तिला मी आक्का म्हणायचो. आन् तुमास्नी सांगतो, जनावर बघितलं की माझी जीभ आपसूक सुटती! "या आक्का, बसा. गुडघं कसं हायती? धाकटीला दिवस गेल्यात जणू..." झालं! कळप उधळला. दुसऱ्या दिवशी बी उधळला. मी तोंडात सुपारी धरली, हात चावला, पर न्हाय! घरची सवय! पंधरा दिवसांनी मात्र आक्का कान टवकारून हुभी ऱ्हायली. महिन्यानं जवळ आली. दोन महिन्यांनी माझ्यापासनं पाच हातांवर बसून रवंथ कराय लागली, आन् मी आपला बोलतोय... अम्मीचा दमा, चित्तेखान्यातल्या नबीलालचाचाची अरेरावी, सगळं! वही भरली. कुठलं पाडस कुणाचं, सगळं त्या वहीत. आन् साहेब टेकाडावरनं खूष! "शाब्बास डिलडार! हे शांटटेचं फळ!"

आता सांगायचं कसं? सांगितलं तर अट मोडली म्हणून हाकलतील. म्हटलं, गप बस, दिलदार!

परीक्षक आला. जाडजूड. म्हणाला, मला जवळनं बघायचं. उतरला की माझ्याच खड्ड्यात! गुडघ्याला गुडघा लावून! आता मी बोलू कसा? जल्मात पयल्यांदा, पावणं, मी गप बसलो. घाम फुटला, कानात घंटा वाजाय लागल्या, पर बसलो! कळप आला. आक्का म्होरं. थांबली. कान फिरवला. रोज ह्या खड्ड्यातनं आवाज येतो आन् आज काय न्हाय! रानात एकदम गप कोण बसतं? झडप घालणारा! तिनं एक उडी मारली, आन् माळ मोकळा!

परीक्षक म्हणाला, "पाच हातांवर? सगळी वही खोटी आहे!" बाकी काय बी म्हणा, पर वही खोटी म्हणू नका! सांगून टाकलं सगळं. साहेब लालेलाल. "म्हंजे टू टीन म्हयने बोलट होटास?" सयाजी नाकातनं म्हणाला, "अट मोडली." आन् परीक्षकानं वहीवर आडवी रेघ मारली. खरं बोललो म्हणून काढला!

आलो परत चित्तेखान्यात. बातमी माझ्या आधी पोचलेली. नबीलालचाचा आमचा म्होरक्या. मिशीला पीळ देत म्हणाला, "हरणं तुझ्या आवाजाला जवळ येत्यात व्हय रं? मंग चल की शिकारीला!" म्हाराजांच्या पाहुण्यांसाठी शिकार हुती. त्याच कागलच्या माळावर चित्त्याची गाडी झाडीआड लावली, मला माझ्या जुन्या खड्ड्याजवळ बसवला. आन् जल्मभर मला गप कर म्हणणारा त्यो माणूस मला म्हणतोय, "बोल, दिलदार!"

समोरनं आक्का येतीय. मागं नवं पाडस, चालताना पाय लटपटत्यात.

"बोल की रं!"

पावणं, मला रडू आलं वं. एवढं बोलणारा मी, तोंड उघडंना. आक्का थांबली, कान फिरवला... आन् माळ मोकळा. चित्ता टोपीतच ऱ्हायला, पाहुणं जांभया देत परत गेलं, आन् चाचानं मला तिथंच सांगितलं, उद्यापासनं येऊ नको.

तर ही अशी गत हाय बघा. अख्ख्या कोल्हापुरात कुणालाबी इचारा, दिलदार कधी गप बसतो का? आवं, आख्ख्या जल्मात दोनदाच बसलो, आन् दोन्ही येळंला नोकरी गेली!