वारा नका घालू, आपा

वाशीमच्या दवाखान्याच्या ओसरीत भर उन्हाळ्यात सरवरी हातपंख्यानं वारा घेत बसली होती. शेजारी केनवडहून बैलबंडीनं आलेले नानाजी अन् त्यांची बायको मनकर्णाबाई. बाईच्या पापणीवर बारीक गाठ दिसली, तसा सरवरीनं पंखा तिच्याकडं वळवला.

"वारा नका घालू, आपा!" नानाजी म्हणाले. "घाम आला का ते गाठ फुगते, गार लागलं का दबते. मागच्या खेपेले डागदरले काईच दिसलं नाई."

"अन् आज नाई दिसली त सासू भगताकडून पापनीवर तापल्या सळईचा डाग देववनार हाये," मनकर्णाबाई म्हणाली.

"या अल्ला! मंग आता?"

"आता इले तापवतो. काय वं, लगनात तुया बापानं माया मामाले फेटा काहून नाई बांधला?"

"बांधत होते! तुमचा मामाच रुसून गोठ्यात जाऊन बसला!"

"अन् पंगतीतलं वरन? निरं पानी!"

"पानी? माया बापाच्या वरनाले पानी म्हनता?"

"फुगली गाठ! चाल, चाल!"

नानाजींनी तिला हात धरून आत पळवलं. बाहेर आले ते हसतच.

"आपा, डागदरनं भिंगातून पाह्यलं. घामाच्या ग्रंथीची गाठ म्हने, लाखात एखाद्याले होते. डाग द्याचं काम नाई."

"शुकर हाये खुदाचा!"

"गाठीचं झालं," मनकर्णाबाई म्हणाली. "आता वरनाचं बोला."

"अवं, ते त तुले घाम यावा म्हून..."

"पोटात होतं म्हूनच तोंडात आलं ना?"

नानाजींचं कपाळ घामानं डबडबलं. सरवरीनं पंखा त्यांच्याकडं वळवला.

"वारा नका घालू, आपा," मनकर्णाबाई म्हणाली. "येऊ द्या घाम."