घरचा सरावपाठ

आई : मग मी मागच्या बाकावर. सोफ्याचा हा कोपरा म्हणजे मागचा बाक.

लेक : आई, आपण नाही निवडायचं. बाई सांगतील तिथं बसायचं.

बाबा : आणि बाई कोण?

लेक : बाबा, हसू नका ना. उद्या खरा वर्ग आहे माझा.

बाबा : नाही हसत. पण एकही पाठ न घेता तुला सरळ वर्गावर सोडणार?

लेक : कितीदा सांगू? सरकारनं प्रशिक्षणाचा पैसाच कापला. सरावपाठांची अख्खी सहामाही रद्द. शाळेतल्या दोघी जणी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी मी एकटी. दोन वर्ग एकाच खोलीत.

बाबा : मला बस देण्याआधी कितीतरी दिवस रिकामी चालवायला लावली होती. तुला पहिल्याच दिवशी खचाखच भरलेली.

आई : म्हणून तर आपण बसलोय प्रवासी होऊन. सुरू कर गं, माझी भांडी पडलीयेत.

लेक : हं. कपाटाचं दार म्हणजे फळा. मुलांनो, आज आपण अपूर्णांक शिकणार आहोत.

आई : बाई, हा मला कोपर मारतोय.

बाबा : ‘हा’?

आई : वर्गात सगळे ‘हा’च असतात.

बाबा : बाई, हीच माझ्या जागेत सरकते. लग्न झाल्यापासून.

लेक : गप्प बसा दोघं! बघा, ओरडले मी. उद्या पोरांवर अशीच ओरडत सुटले तर?

आई : ओरडलीस कुठं? आमच्याशी तू रोज असंच बोलतेस. चल पुढं.

लेक : या दोन सारख्या पट्ट्या. हिचे तीन समान भाग केले, त्यातला एक म्हणजे एक तृतीयांश. हिचे पाच केले, त्यातला एक म्हणजे एक पंचमांश. मोठा कुठला? बाबा, तुम्ही सांगा.

बाबा : पाचवाला.

लेक : कसं काय?

बाबा : तिनापेक्षा पाच मोठे ना.

लेक : बाबा, पुरे आता. ढ मुलाचं सोंग इतकंही वठवू नका.

बाबा : बरं. समजलं, बाई. पुढं जा.

लेक : काय समजलं?

बाबा : समजलं म्हटलं ना.

आई : हे सोंग नाहीत करत, बाळा.

लेक : म्हणजे?

बाबा : जाऊ दे गं.

आई : सांगा की. आपलीच पोर आहे.

बाबा : आमच्या शाळेत सगळ्या वर्गांना मिळून एकच गुरुजी. भला माणूस. फळ्यावर लिहायचे, ‘समजलं?’ विचारायचे आणि लगेच दुसऱ्या वर्गाकडे वळायचे. सगळे हो म्हणायचे, मग मीही म्हणायचो. त्यांना थांबवायचं जिवावर यायचं. पुढं हो म्हणायची सवयच लागली.

लेक : म्हणून मी गणित घेऊन आले की तुम्हाला ड्युटी असायची?

बाबा : असायची. कधीकधी खरंच असायची.

लेक : आणि मी तुम्हाला ढ म्हणाले.

बाबा : सोंगातल्या पोराला म्हणालीस.

लेक : उद्या खऱ्या पोराला म्हणाले असते. माझ्याकडेही दोन वर्ग आहेत, बाबा. मीही ‘समजलं?’ विचारून वळणार. नकोच ते. मला जमणार नाही म्हणून कळवून टाकते.

आई : मग त्या पोरांपुढं कोण उभं राहणार?

लेक : कुणीच नाही. भरली नाही तर ही जागाही जाईल.

आई : मग वळ की. एखादे दिवशी वळावंच लागेल, तुला काय चार हात आहेत? पण वळलीस तरी परत येशील ना?

बाबा : तिला भरीला पाडू नकोस. कळवायचं तर कळव, पोरी. पण त्याआधी मला तेवढं ते पाचाचं सांग.

(लेक खडू ठेवून बाबांशेजारी जमिनीवर बसते.)

लेक : घ्या पट्टी. तुम्हीच घडी घाला. आधी तीन. आता दुसरीचे पाच.

बाबा : हे अरुंद होतायत.

लेक : का बरं?

बाबा : पट्टी तेवढीच. वाटेकरी वाढले की वाटा कमीच येणार.

लेक : मग मोठा कुठला?

बाबा : तीनवाला... असं दिसतंय खरं.

लेक : समजलं?

बाबा : नाही, बाई. पुन्हा एकदा सांगा.

लेक : सांगते. आई, उद्या मला लवकर उठव.