शिट्टी तेवढी खिशात घाला

— व्हय, ह्योच गोलपोस्ट. वाकडा न्हाय साहेब, तुमी उतारावर उभं हायसा. अन् ती शिट्टी तेवढी खिशात घाला — काय न्हाय, उगंच आपलं — अन् हितनं बघा, समदं हिरवंगार. अख्ख्या इंदापूर तालुक्यात असं मैदान दावा, सोनबा मिशी काढंल. तुमी पुण्यासनं बघाया आला, लई बरं झालं. तुमी व्हय म्हनलात तर जिल्ह्याच्या मॅची हितं शेळगावात व्हत्याल. न्हाय म्हनलात तर दिवाळीनंतर ह्याच गवतावर उसाचं ट्रॅक्टर उभं ऱ्हानार, सरपंच तसं तोंडावर बोललाय — सोनबा, म्हनला, तुजं ग्राउंड बास झालं, आता बांधावर जाऊन बस. बांधावर बसून काय करू मी? वाईट वाटतं वो. सोताची मेंढरं इकली तवा बी एवढं वाटलं न्हवतं.

इतिहास? सांगतो की. ब्याण्णव साली आमचा पुतन्या रविराज कोल्हापुरासनं कॉलेज पुरं करून — पुरं न्हवं, सोडून — आला, अन् येताना बॉल घिऊन आला. बिरोबा फुटबॉल क्लब म्हनून पाटी लावली. पर जमीन मुरमाड, पोरं पडली की ढोपरं सोलायची, अन् त्याची आय तानूबाई शिव्या द्यायची त्या बॉलला. मग मीच म्हनलं, खतासाठी शेतात मेंढरं बसवत्यात का न्हाय? मग हितं बसवू. माजा मेव्हना दत्तोबा, त्याचा कळप उन्हाळाभर रातच्याला हितंच बसवला. वर पाऊस पडला — गवत असं आलं की बॉल सापडंना. मग गवत कापनार कोन? परत मेंढरंच. तवापासनं कळप हाय त्यो त्या बाभळीमागं. — आवाज? त्यांचाच. खोकत्यात ती.

हरलो? घरच्या मैदानावर? कवाच न्हाय. लिवा तसं. — कसं म्हंजे? त्याचं असं, दत्तोबा मीठ चारायला मेंढरं बोलवायचा तोंडानं शिट्टी मारून. फुडं त्याचं दात पडलं, शिट्टीच वाजंना. मग रविराजनं त्याला पंचाची जुनी शिट्टी दिली. आता मेंढराला काय कळतंय, ही मिठाची अन् ही फाऊलची? बारकी वाजली तर नुसतं कान टवकारत्यात, लांब वाजली की निगालीच. सोमेश्वरनगरची पोरं दोन गोलांनी फुडं व्हती, येळ संपत आलीती, तेवढ्यात वाजली लांब — आला की कळप. त्यांचा गोलकीपर चांगला दांडगा, पर शिंगाळा एडका त्याच्या मागनं आला अन् बॉल ऱ्हायला भाईर, गडी जाळ्यात. मॅच रद्द. रद्द म्हंजे काय हार न्हवं. फुडं जळोचीवाल्यांची बी तशीच रद्द झाली. — कुनी वाजवली? पंचानं न्हाय, त्यो तवा पळत व्हता. वाऱ्यानं वाजली आसंल. — ही? माज्या गळ्यातली व्हय? ही जत्रंतली, नातवाला घेतलीया. — न्हाय, नातू न्हाय अजून. आमच्या पोरीचं, स्वप्नालीचं, लगीन व्हायचंय.

हसताय. खोटं वाटतंय तुमाला. वाटू द्या. — साहेब, ती तुमची शिट्टी तोंडाला लावू नका. लांब तर बिलकूल —

वाजवलीत.

आता जागचं हलू नका. पळू तर नकाच, पळनाऱ्याला शिंगाळा सोडत न्हाय. बघा, आली का समदी भवतीनं? मीठ चाटल्याबिगर वाट द्यायची न्हाईत ती. तुमच्याकडं हाय का मीठ? न्हाय ना. — दत्तोबाला हाका मारून उपेग न्हाय, त्यो बाजारला गेलाय, तिन्हीसांजंला यील. — माज्याकडं? हाय की, ह्या पिशवीत हाय. देतो की, मी काय परका हाय का? पर पेन हाय न्हवं तुमच्या खिशात? मग आदी त्या मैदानाच्या मंजुरीच्या कागदावर सही करा साहेब. शिंगाळ्याकडं बघू नका, कागदाकडं बघा.